दादाच्या पायाखालचा दिवा

रिले म्हणजे काय, हे मी वर्गात इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तारेची एक गुंडाळी असते. तिच्यातून थोडासा करंट गेला की तिचं लोहचुंबक होतं, ते शेजारची पत्र्याची पट्टी ओढून घेतं आणि पट्टी एका टोकावरून सुटून दुसऱ्या टोकाला चिकटते. ‘टक्’ असा आवाज होतो. इकडं जराशा करंटनं बटण दाबायचं आणि तिकडं भलत्याच वाटेवरचं दार उघडायचं, एवढंच त्याचं काम. लातूरच्या क्लासमधल्या मुलांना तेवढंही नको असतं. ती विचारतात, “मॅडम, हे सीईटीला येतं का?” फारसं येत नाही म्हटलं की पेनाला टोपण लावून मोकळी. मला राग येतो, पण खरं सांगायचं तर तो मुलांवर नसतो. मी पहिला रिले जोडला तो माझ्या भावासाठी, आणि त्या ‘टक्’शी माझं तेव्हापासून वाकडं आहे.

दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. लातुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. वडील शाळेत गणिताचे मास्तर. मास्तरांच्या घरात गिटार आली तेव्हा गल्लीला वाटलं, पोरगं हातचं गेलं. वडील म्हणायचे, “आधी पोटापाण्याचं बघ, मग तुणतुणं वाजव.” दादानं दोन्ही एकातच बघितलं. लग्नं, जत्रा, गणपती, कुणाच्या नातवाचं बारसं, जिथं बोलावणं येईल तिथं ऑर्केस्ट्राची गाडी जायची. मालक सफारी घालणारे, पोटानं मोठे आणि मनानंही. वाजवणाऱ्या प्रत्येकाला ते ‘मास्तर’ म्हणत. म्हणजे वडील मास्तर आणि दादाही मास्तर. वडिलांना हे अजिबात आवडायचं नाही.

दादाचा अॅम्प्लिफायर गावातल्याच एका मेकॅनिकनं बांधलेला होता. प्लायवुडचं खोकं, वरून काळं रेक्झिन, आणि उचलायला दोन माणसं. त्यातून दोन प्रकारचे आवाज निघायचे. त्यांची इंग्रजी नावं आमच्याकडं कुणी घेत नसे. एक ‘साधा’ आणि दुसरा ‘फाटका’. साधा म्हणजे तारेचा स्वच्छ आवाज. फाटका म्हणजे खरखरीत, चढलेला, नाचाच्या गाण्यांना लागतो तो. साध्यावरून फाटक्यावर जायचं बटण खोक्याच्या मागच्या बाजूला. गाणं चालू असताना दादाला लोकांकडं पाठ करून वाकावं लागायचं. एकदा हे बटण फिरवायचं राहिलं आणि नवरीच्या पाठवणीच्या गाण्यात करवत चालवल्यासारखा आवाज घुसला. नवरीची आई रडायची थांबली, असं मालक पुढं कितीतरी दिवस सांगत होते.

मी तेव्हा नांदेडला होस्टेलवर राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. किल्लारीच्या भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आले तर दादानं अॅम्प्लिफायर ओट्यावर आणूनच ठेवलेला.

“तू विलेक्ट्रॉनिक शिकायलीस ना? मंग मला पायानं दाबायचं बटन करून दे. आन त्याला दिवा पायजे. लाल.”

बटणाचं मला पटलं. मी त्याला समजावायला लागले, की गिटारचा आवाज लांब तारेनं पायापर्यंत नेऊन परत आणला तर वाटेत जनरेटरची घरघर त्यात मिसळते. म्हणून आवाजाची तार खोक्यातच ठेवायची, तिथं रिले बसवायचा आणि पायापर्यंत फक्त त्याला हुकूम देणारी बारकी तार न्यायची. दादानं मान डोलावली. ऐकून घेतोय असं मला वाटलं. आता वाटतं, तो माझ्या ओठांकडं बघत होता.

“ते तुझं तू बघ. दिवा मातर पायजे.”

“दिवा कशाला?” मी चेष्टेनं म्हटलं. “कान हायत की तुला. साधा वाजायलाय का फाटका, ते दिव्याला इचारावं लागतंय व्हय?”

“दिवा म्हनलं की दिवा!” तो ओरडला.

दादा ओरडायच्या जातीचा माणूस नव्हता. ओरडणं हे आमच्या घरात माझं खातं. मी मनात म्हटलं, स्टेजवर झगमग हवी असेल, कलाकार माणूस आहे, नखरा असणारच. आणि सुट्टीत एकदा नांदेडला जाऊन वजिराबादेतल्या दुकानातून बारा व्होल्टचा रिले घेऊन आले. दुकानदारानं त्याला दोन तारा लावून माझ्या कानाशी धरला. टक्. “सुनो बाई, बोलायलाय बघा,” तो म्हणाला.

बटण साधंच होतं, एकदा दाबलं की बसणारं आणि पुन्हा दाबलं की उठणारं. ते मी भिंतीतल्या स्विचच्या लोखंडी पेटीवर बसवलं, म्हणजे बुटाखाली चेपायला नको. शेजारी भोक पाडून लाल दिवा बसवला. पेटीतून अॅम्प्लिफायरपर्यंत तीन तारा. ओट्यावर पोतं अंथरून मी तारांना सोल्डरिंगचे डाग देत बसले होते आणि दादा समोर उकिडवा बसून बघत होता. मी त्याला सांगितलं, “हे बघ, हा दिवा बटनाचं ऐकतो, आवाजाचं न्हाई. बटन बसलं की दिवा लागनार. म्होरं आवाज पोचला का न्हाई, त्याचं दिव्याला काई देनंघेनं न्हाई.” तो म्हणाला, “चाललं की.”

रिलेच्या गुंडाळीवर एक डायोड उलटा लावायचा असतो. तो नसला तर बटण सोडताना गुंडाळीतला करंट उसळतो आणि स्पीकरमधून फट् असा आवाज येतो. तो डायोड मी शेवटी लावायचा म्हणून बाजूला ठेवला होता आणि आधी रिले ओढतो का ते बघायचं होतं. आवाज बारीकच ठेवला होता. दादाला म्हटलं, दाब.

त्यानं दाबलं. टक्. दिवा लागला. पुन्हा दाबलं. टक्, आणि स्पीकरमधून वाळलेली शेंग फुटावी तसं फट्. मी दचकले. माझ्या हातातली पकड खाली पडली. दादा दिव्याकडं बघून लहान पोरासारखा हसत होता.

“झालं की गं! आन किती गुपचूप चालायलंय. कायबी आवाज न्हाई.”

मला वाटलं, टिंगल करतोय. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. टिंगल नव्हती. त्यानं परत दाबलं, परत सोडलं, फट् झालं, पापणीसुद्धा हलली नाही. मी उठून त्याच्या मागं गेले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, “दादा, चहा घेतोस का?” तो दिव्याशी खेळत होता. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची मला छाती झाली नाही.

मग तो माझ्याकडं वळला, माझं तोंड बघितलं, आणि त्याला कळलं की मला कळलं.

“कवापासून?” मी विचारलं.

“भूकंपाच्या आधीपासनंच थोडं थोडं,” तो म्हणाला. “आईला सांगू नको.”

आणि मला ते मांजर आठवलं.

भूकंपाचा खरा घाला किल्लारीकडच्या गावांवर पडला. आमच्या लातुरात भिंतींना तडे गेले, जीव वाचले, पण भीती घरात राहायला आली ती कितीतरी महिने गेली नाही. लोक रस्त्यावर, मोकळ्या प्लॉटवर झोपायचे. दिवसा घरात असलं तरी दारं उघडी. आणि घरोघरी एक भांड्यांची उतरंड असायची, उलटी. खाली पालथा तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर ताटली, ताटलीत चमचे. जमीन जराशी जरी हलली तरी ती खळ्ळकन पडायची, आणि पडली की अंगावर असेल त्या कपड्यानिशी बाहेर पळायचं. सरकारचं यंत्र काही सांगो, आमच्या गल्लीचा विश्वास तांब्यावर होता. आई तर पाणी प्यायलाही तो तांब्या कुणाला देत नसे.

एका दुपारी आमची उतरंड पडली. आई पळाली, वडील पळाले, मी पळाले. आम्हाला बघून शेजारचे पळाले, त्यांना बघून समोरचे. सगळी गल्ली रस्त्यावर. आणि दादा तेवढा घरात. दाराकडं पाठ करून गिटारला नवी तार चढवत बसलेला. आम्ही बाहेरून बोंबलतोय आणि हा आपला खुंटी पिळतोय. थोड्या वेळानं दारातून मांजर ऐटीत बाहेर आलं तेव्हा उलगडा झाला. लोक हसले, आणि मग कुणीतरी म्हणालं, “पर त्यो गिटारवाला बघा की, जागचा उठला न्हाई.”

आईला तेवढं पुरलं. “धरनी हालली तरी माझा लेक हालत न्हाई. लई धीराचा हाय,” ती जो येईल त्याला सांगायला लागली. शेजारच्या काकू तर आपल्या घाबरट नवऱ्याला उठताबसता दादाचं उदाहरण द्यायच्या. त्या काळात गल्लीतले भले भले पुरुष बायका-पोरांच्या आधी रस्त्यावर पोचले होते. त्यांच्यात एक धीराचा निघाला, याचं सगळ्यांनाच बरं वाटत होतं. वडिलांनीसुद्धा त्या दिवसापासून तुणतुण्याचं नाव काढलं नाही.

आणखीही एक होतं. भूकंपानंतर मालकांनी आपला माईक, कर्णे आणि दादाला घेऊन गाडी पडझडीच्या गावांकडं नेली होती. हरवलेल्या माणसांची नावं पुकारायची होती. लोक येऊन दादाला नाव सांगायचे. तो माईकच त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “तुमी सोता बोला. वळखीचा आवाज लागतो.” मालकांनी हे परत येऊन सगळीकडं सांगितलं. केवढा समजूतदार पोरगा, केवढी माया. माझ्या मैत्रिणींनाही मी ते सांगितलं होतं. ओट्यावर त्या लोखंडी पेटीजवळ बसून त्यानं मला सांगितलं की लोकांची नावं त्याला कळतच नव्हती. लोक रडत बोलत होते, हुंदक्यात अर्धं गिळत होते, त्याला ओठही वाचता येईनात.

“मंग सांगायचं हुतंस,” मी म्हटलं. “तवाच डॉक्टरकडं गेलो असतो.”

“लोकं धीराचा म्हनायले, समजदार म्हनायले. म्या म्हनलं, असू दे. बहिरा म्हनन्यापरीस बरं हाय.”

मी डायोड लावला. त्यानं पुन्हा बटण दाबून बघितलं. आता फट् होत नव्हतं, पण ते त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

डॉक्टरकडं मी त्याला नांदेडला नेलं, लातुरात कुणी बघायला नको म्हणून. काचेच्या खोलीत बसवून कानावर फोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. मी बाहेर उभी होते. दादा भराभरा बोट वर करत होता. मला क्षणभर वाटलं, सगळं खोटंच होतं, ऐकू येतंय याला. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की हा काचेतून त्यांच्या हाताकडं बघतोय; हात बटणावर गेला की बोट वर. त्यांनी मशीन उलटं फिरवलं. त्यानंतर दादाचा हात मांडीवरच राहिला. मला हसू आलं आणि रडूही, आणि शेवटी दोन्ही न करता मी भिंतीवरची कानाची आकृती बघत राहिले. कानाची नस सुकत चाललीय, डॉक्टर म्हणाले, ती परत ओली होत नाही. गोंगाटापासून लांब राहा. ऑर्केस्ट्रातल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे मासळीला पाण्यापासून लांब राहा म्हणण्यातला प्रकार. कानातलं मशीन घेतलं, त्यात त्याला गाणं ऐकू यायचं ते परातीत खडे ओतल्यासारखं. थोडे दिवस लावलं आणि मग ते खिशात गेलं.

त्यानंतर आमचा एक रिवाज पडला. कार्यक्रमाला जायच्या आधी दादा गिटारच्या लाकडाला दात लावून तारा पिळायचा. दातांतून त्याला तारेचा थरार कळायचा, पण सूर बारीक चुकायचा. मग तो गिटार माझ्यापुढं धरून एकेक तार छेडायचा. मी अंगठा वर केला की चढवायची, खाली केला की उतरवायची, मूठ मिटली की बस. आईला वाटायचं, लेकीलाही गाण्याची गोडी लागलीय. बाकी स्टेजवर त्याला ढोलकीवाल्याचा हात दिसायचा आणि पायाखाली दिवा दिसायचा. तेवढ्यावर त्यानं कितीतरी वर्षं काढली. कुणाला संशय आला नाही. निदान आम्हाला तसं वाटलं.

मग लातुरात क्लासेस आले. आले म्हणजे काय, कानामागून आले आणि तिखट झाले. खोली दिसली की क्लास, गच्ची दिसली की होस्टेल, भिंत दिसली की पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. किनवटहून, हदगावहून, देवणीहून मुलं यायला लागली, ट्रंका आणि आईच्या हातचे लाडू घेऊन. ऑर्केस्ट्राची तालीम एका खताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये चालायची. तो हॉल क्लासला गेला. तिथं बाकं आली, आणि पुढं वर्षभरानं त्या बाकांसमोर खडू घेऊन मी उभी राहिले. नोकरी मिळत नव्हती, ही मिळाली. जिथं दादाचा अॅम्प्लिफायर ठेवायचे तिथं आता माझं टेबल आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बरं झालं. जागा घरातच ऱ्हायली.” त्याला असं बोलायची खोड आहे. असं बोलला की भांडायलाही जागा ठेवत नाही.

परीक्षा जवळ आल्या की गल्लोगल्लीचे पालक कर्ण्याच्या आवाजावर तक्रार करायचे. लग्नांना डीजे आला. ऑर्केस्ट्रातली माणसं एकेक करून कमी झाली. कुणी रिक्षा घेतली, बासरीवाला एका होस्टेलचा वॉर्डन झाला. दादाला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरीकडं कुठं जाण्यासाठी आधी मुलाखत द्यावी लागते, म्हणजे समोरचा काय विचारतो ते ऐकू यावं लागतं. मालकांनी त्याला काढलं नाही. गावात त्याला अजून ‘गिटार मास्तर’ म्हणत. त्याच्याकडं तेवढंच होतं.

हदगावला आमच्या नात्यातलं लग्न होतं आणि वाजवायला दादाचाच ऑर्केस्ट्रा. मला क्लासमुळं उशीर झाला, एसटीही वाटेत बंद पडली. मी मांडवात शिरले तेव्हा गाणं चालू होतं आणि काहीतरी बिघडलेलं होतं. दादानं आदल्या दिवशी नव्या तारा चढवल्या होत्या. नव्या तारा ताणून सैल पडतात. उन्हात त्या उतरल्या होत्या आणि अंगठा दाखवायला मी नव्हते. सगळा ऑर्केस्ट्रा एका सुरात आणि दादाची गिटार त्याच्या खाली, पूर्ण गाणंभर. तो हसत होता. पायाखाली लाल दिवा लागलेला, म्हणजे फाटका आवाज, म्हणजे चूक अजूनच मोठी ऐकू येत होती. गाणारी बाई त्याच्याकडं बघायची टाळत होती. पुढं बसलेली पोरं तोंड वेंगाडून गिटारची नक्कल करत होती. माझ्या शेजारी नवरदेवाचा कुणी मामा म्हणाला, “ए, त्या गिटारवाल्याला खाली बसवा रे कुनी.” मला त्या मामाचं मुंडासं ओढून पायाखाली घ्यावंसं वाटलं. पण तो काही खोटं बोलत नव्हता.

मग मालक उठले. सावकाश, कुणाच्या लक्षात येऊ नये असे, पडद्यामागून गेले आणि दादाच्या पाठीमागं वाकून अॅम्प्लिफायरचं आवाज कमी-जास्त करायचं बटण फिरवलं. गिटार बंद झाली. दादाला पत्ता नाही. तो वाजवत राहिला, त्याच्या जागेवर बटण दाबत राहिला, दिवा लागत राहिला, विझत राहिला. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, त्यानं मान लववली. मालकांनी मला बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली. तेव्हा मला समजलं, हे आज पहिल्यांदा होत नव्हतं. आम्ही दोघं ज्या गुपिताला जपत होतो ते मालकांनी आमच्यापासून जपलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना दादानं अॅम्प्लिफायरचं बटण बघितलं. ते शून्यावर होतं. मग त्यानं वायर गुंडाळली, पेटी पोत्यात घातली, आणि परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्याच्याशी बोलले नाही. बोलायचं तर त्यानं माझ्याकडं बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमधून आले तर अॅम्प्लिफायर ओट्यावर, मागचं झाकण काढलेलं, शेजारी माझी सोल्डरिंगची कांडी.

“आवाजाची तार काढ,” दादा म्हणाला. “दिवा ऱ्हाऊ दे.”

“म्हंजे?”

“मालकाला दरवेळी माझ्या मागं चोरावानी जावं लागायलंय. म्हातारा मानूस. बरं दिसत न्हाई. तू तारच काढून टाक. म्या त्यांना सांगून आलाव. कीबोर्डवाला गिटारचं बी वाजवतो.”

माझं डोकं फिरलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले, त्याच्या तोंडासमोर उभं राहून, एकही शब्द सुटू नये असं. मुकी गिटार घेऊन बाहुल्यासारखं उभं राहायचं? लाज नाही वाटत? घरी बस, माझ्या पगारात भागेल, क्लासची फी गोळा करायला बस, काहीही कर. त्यानं सगळं शांतपणे वाचलं.

“चार मान्सं वळीत हुबी असली की पार्टी भरल्यावानी दिसती,” तो म्हणाला. “मधीच फट पडली की लोकं इचारतेत, गिटारवाला कुटं गेला? मंग मालकाला सांगावं लागतंय. गल्लीत कळतंय. आईला कळतंय. आईनं आजपतुर किती जनाला सांगितलंय, माझा लेक धीराचा हाय म्हनून. तिला काय सांगू? त्या दिवशी मला भांडी पडल्यालं ऐकूच आलं न्हवतं म्हनून?”

मला त्याचा नव्हे, त्या तांब्याचा, पेल्याचा, मांजराचा संताप आला होता. मी कांडी तापवली. रिलेच्या मधल्या पायावरून आवाजाची तार पुढं जायची, ती डाग वितळवून सोडवली. नुसती लोंबकळत ठेवली तर ती घरघर पकडते, म्हणून तिचं टोक खोक्याच्या आतल्या पत्र्याला जोडून टाकलं. काम पाच-दहा मिनिटांचं. आयुष्यात मी दिलेला सगळ्यात साफ डाग तो असेल. दादानं बटण दाबलं. टक्. दिवा लागला.

“लागला,” तो म्हणाला, आणि झाकणाचे स्क्रू स्वतः पिळले.

पुढचा कार्यक्रम देवणीला होता. संध्याकाळी गाडी यायची होती. मी क्लासमधून लवकर सुटून आले, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला होता. गिटारच्या लाकडाला दात लावून, डोळे मिटून, तार पिळत होता. अॅम्प्लिफायरशी तिचा आता काही संबंध उरला नव्हता. ती सुरात असली काय आणि नसली काय. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

त्यानं डोळे उघडले, मला बघितलं, आणि नेहमीसारखी गिटार माझ्यापुढं धरली. पहिली तार छेडली.

ती उतरलेली होती. मी अंगठा वर केला. त्यानं चढवली. अजून वर. अजून थोडी. मूठ मिटली. मग दुसरी, मग तिसरी. आम्ही दोघांनी सगळ्या तारा लावल्या, घाई न करता, एकही अर्धवट सोडली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आई आतून आली. तिच्या हातात पालथा तांब्या होता, कारण सकाळी कुणीतरी म्हणालं होतं, कुठंतरी जमीन हलली. तिनं तो कोपऱ्यात ठेवला, त्यावर पेला, पेल्यावर ताटली, आणि दादाकडं बघून म्हणाली, “हे बघ, कसं निवांत बसलंय माझं लेकरू. आमचाच जीव खालीवर व्हतो.”

दादानं तिचे ओठ वाचले आणि हसून मान डोलावली.

तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांब. दादा शेवटच्या तारेची खुंटी पुसत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला.